वीस-सतरा हा निकाल बदलून डीकन खेचर घरी परत मिळणेबाबत

प्रति,
मा. आयुक्त,
दक्षिण टेकड्या महाविद्यालयीन फुटबॉल परिषद,
मुख्य कार्यालय, माँटगोमेरी, अलाबामा.

अर्जदार : व्हर्लन सॅटरफील्ड, वय ६६, खेचरपालक (निलंबित), पर्डी क्रीक कॉलेज. राहणार पर्डी क्रीक, मैदानामागचा रस्ता.

विषय : दि. १९ ऑक्टोबर २०२४ च्या पर्डी क्रीक विरुद्ध टॉलिव्हर स्टेट सामन्याचा निकाल दुरुस्त करणे, कोणालाही शिक्षा न करणे व खेचर परत देणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराच्या निलंबनाचा कॉलेजचा आदेश, दि. २१ ऑक्टोबर २०२४. २) आपल्या कार्यालयाचे सुनावणी चौथ्यांदा पुढे ढकलल्याचे पत्र.

महोदय,

हा अर्ज आपण स्वतः वाचावा, दार लावून वाचावा, आणि तो कोणाही वार्ताहराच्या हाती लागू देऊ नये, अशी पहिली विनंती आहे. कारण पुढे कळेल.

१. अर्जदार पर्डी क्रीकचा जन्माचा रहिवासी आहे. कॉलेजच्या मैदानापासून अर्ध्या मैलावर त्याचे घर आहे. गेली एकोणीस वर्षे तो कॉलेजच्या फुटबॉल संघाचे मानाचे खेचर, नाव डीकन, सांभाळत आला. डीकन कागदोपत्री कॉलेजचा असला तरी पाच वर्षांचा असताना अर्जदाराच्या अंगणात आला आणि तिथेच राहिला. आज तो चोवीस वर्षांचा आहे. त्याचा पुढचा डावा गुडघा थंडीत धरतो. गर्दीचा कितीही गलका झाला तरी तो कान हलवत नाही, पण डोळ्यांवर दिवा मारलेला त्याला सहन होत नाही. गेल्या साडेनऊ महिन्यांत अर्जदाराने त्याच्या अंगावर हात फिरवलेला नाही. निलंबनाच्या आदेशात तशी अट आहे : अर्जदाराने खेचराच्या शंभर फुटांच्या आत जाऊ नये.

अर्जदारावरचा आरोप असा की त्याने हरणारा सामना वाचवण्यासाठी खेचर मुद्दाम मैदानात सोडले. हा आरोप खोटा आहे. तो खोटा आहे हे आरोप करणाऱ्यांनाही पहिल्या दिवसापासून माहीत आहे. हा अर्ज त्यांच्यासाठीच लिहिला आहे, फक्त पत्ता आपला आहे.

२. आमच्याकडची रीत आपल्या कार्यालयास माहीत असण्याचे कारण नाही, म्हणून सांगतो.

कै. ऑर्विल मॅबरी हे आमचे एकतीस वर्षे प्रशिक्षक होते. त्या काळी मैदानावरचे घड्याळ वरचेवर बंद पडे. म्हणून बँडने घड्याळाकडे न बघता कोच मॅबरींच्या हॅटकडे बघायचे असे ठरले. सामना संपला की कोच हॅट काढीत. हॅट निघाली की बँड कॉलेजचे गाणे सुरू करी. गाण्याचा पहिला सूर आला की आमच्या बाजूचा प्रत्येक माणूस उभा राहतो, टोपी काढून उजव्या हाताने छातीशी धरतो, डावा हात शेजाऱ्याच्या खांद्यावर टाकतो, आणि गाणे संपेपर्यंत जागचा हलत नाही. एकदा गाणे चालू असताना स्टँडच्या छपराचा पत्रा उडाला होता, तरी कोणी मान वळवली नव्हती.

दोन्ही हात असे गुंतल्यावर खेचराचा दोर कोण धरणार? म्हणून दोर सुटतो. तो सुटावा असेच आहे. डीकन एकटाच मैदानाच्या कडेने चालत उत्तरेच्या टोकाला जातो. तिथे मिस युनिस, म्हणजे कोच मॅबरींच्या पत्नी, भाजलेले रताळे घेऊन उभ्या असतात. गाणे आणि रताळे बरोबर संपतात. एकोणीस वर्षांत डीकनची एका पावलाचीही चूक झालेली नाही. कोच सहा वर्षांपूर्वी गेले, घड्याळही नवे आले, पण रीत राहिली. त्यांच्या जागी आलेले त्यांचे सहप्रशिक्षक इमानाने डोक्यावर टोपी ठेवत आणि सामना संपल्यावर काढत.

३. गेल्या वर्षी जूनमध्ये कोच ब्रॅड किन्सेलर ओहायोहून आले. आल्याच्या दुसऱ्या दिवशी अर्जदाराने आमच्याकडच्या रीतींची एक पानभर यादी स्वतःच्या अक्षरात लिहून त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. पहिली ओळ होती : 'सामना पुरता संपल्याशिवाय डोक्यावरची टोपी काढू नये.' ही ओळ अधोरेखित होती. कोच म्हणाले, "वा, गोड आहे हे," आणि त्यावर कॉफीचा कप ठेवला. तो कप उचलल्यावर कागद कचऱ्यात गेला. झाडलोट करणाऱ्या बाईंनी तो काढून अर्जदाराला परत दिला, त्यांचे उपकार अर्जदार विसरणार नाही.

४. आता त्या दिवशी काय झाले ते. होमकमिंगचा, म्हणजे जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळ्याचा सामना होता. आमचा संघ वीस, टॉलिव्हर स्टेट सतरा. घड्याळात अकरा सेकंद उरले होते. चेंडू आमच्याकडे होता. चेंडू छातीशी धरून खाली बसले असते तरी सामना संपला असता. आमच्या गड्याच्या हातून चेंडू निसटला. टॉलिव्हरच्या जार्व्हेल ओक्स नावाच्या खेळाडूने तो उचलला आणि मैदानाच्या उत्तरेच्या टोकाकडे धाव घेतली. तिथली रेषा ओलांडली असती तर सहा गुण आणि सामना त्यांचा.

हे बघून कोच किन्सेलर यांनी डोक्यावरची टोपी ओढून काढली आणि जमिनीवर आपटली.

बँडमास्तर कर्टिस प्रुइट यांची नजर नेहमीप्रमाणे टोपीवर होती. त्यांनी काठी उचलली आणि गाणे सुरू झाले. सहा हजार माणसे उठली. महोदय, केवळ स्टँडमधली माणसे उठली असती तर अर्जदार एवढे लिहीत बसला नसता. ओक्सला अडवायला मैदानात आमचे जे खेळाडू होते त्यांतले तिघे पर्डी क्रीकचेच, इथेच लहानाचे मोठे झालेले. त्या तिघांनी धावता धावता थांबून हेल्मेट काढले, छातीशी धरले आणि एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ते उभे राहिले. बाकीचे बाहेरगावचे, ते या तिघांकडे बघत राहिले. ओक्सच्या मागे कोणी नव्हते, पुढे कोणी नव्हते. अर्जदारानेही टोपी काढली, डावा हात शेजारच्या माणसाच्या खांद्यावर टाकला. दोर सुटला. घड्याळाकडे अर्जदाराने बघितले नाही, ही त्याची चूक तो लपवत नाही. एकोणीस वर्षांत त्याने कधीच घड्याळाकडे बघितले नव्हते.

आपल्यामागे कोणीच का नाही, म्हणून ओक्स कडेकडेने पळता पळता वळून वळून बघत होता. रेषा बारा यार्डांवर असताना तो डीकनच्या बरगड्यांवर आदळला. त्याचे गळ्याजवळचे हाड मोडले. चेंडू घरंगळत बाहेर गेला आणि वेळ संपली. डीकन जरा थांबला, खाली वाकून त्याने ओक्सला हुंगले, आणि पुढे जाऊन रताळे खाल्ले. पंचांनी सामना आम्हाला दिला, मात्र अडथळ्याच्या कलमाखाली अंतिम निर्णय परिषदेकडे सोपवला. तो आजतागायत आपल्याकडे पडून आहे.

५. दुसऱ्या दिवशी सकाळी देशभर एक सहा सेकंदांची फिल्म फिरत होती. तीत डीकन डावीकडून येतो आणि ओक्स आदळतो, एवढेच आहे. बँड नाही, टोपी नाही, हेल्मेट काढलेले तिघे नाहीत. सोमवारी कॉलेजचे क्रीडाप्रमुख ट्रिप लँगस्टन यांनी अर्जदाराला बोलावून निलंबनाचा कागद हाती दिला. या गृहस्थांना अर्जदाराने लहानपणी डीकनच्या आधीच्या खेचरावर बसवून फिरवले आहे. त्या सोमवारपर्यंत ते अर्जदाराला 'मिस्टर व्हर्लन' म्हणत. त्या दिवशी 'व्हर्लन' झाले.

मंगळवारपर्यंत ते घाबरलेले होते. हे अर्जदार न्यायाला धरून सांगतो. बुधवारी मात्र तिकिटाच्या खिडकीवर रांग लागली. गुरुवारी एका मोठ्या वाहिनीचा फोन आला. शुक्रवारी ट्रिप यांनी अर्जदाराला पुन्हा बोलावले. ते हसत होते. अर्जदार म्हणाला, आता माझे म्हणणे ऐकून घ्या, कॉलेजच्या बँडकडे पूर्ण फिल्म आहे, ती लावा. तेव्हाचे त्यांचे शब्द अर्जदार जसेच्या तसे देतो : "व्हर्लन, अरे खरं काय ते मला माहितीये. पण खरं कोण बघायला येतं? कालपर्यंत आपलं कॉलेज शेजारच्या जिल्ह्यात कुणाला माहीत नव्हतं. निलंबन म्हणजे शिक्षा समजू नकोस, जाहिरात समज. तू फक्त गप्प बस आणि जरा दुष्ट दिसत जा."

अर्जदाराने विचारले, किती दिवस?

ते म्हणाले, "चालतंय तोवर."

६. ते चांगलेच चालले. आपल्याला ठाऊक असेल, पण एकत्र मांडतो, म्हणजे चीड येणे सोपे जाईल. कॉलेजात प्रवेशासाठी आलेले अर्ज दुप्पट झाले. फ्लोरिडातला एक धिप्पाड मुलगा, ज्याच्यामागे मोठमोठी विद्यापीठे लागली होती, टीव्हीवर म्हणाला, "मला त्या खेचरवाल्या कॉलेजात जायचंय." तो आला, त्याच्या मागून आणखी चौघे आले. यंदाचा पहिला सामना, दि. ३० ऑगस्टचा, सगळ्या देशाला दिसणार आहे. पूर्वी आमचे सामने दिसायचे ते पलीकडच्या टेकडीवर चढणाऱ्यालाच. पूर्वेला नवीन स्टँड उभा राहिला आहे. खेचराचे चित्र आणि खाली '२०–१७' असे छापलेले शर्ट गावात इतके झाले की चर्चमध्ये प्रार्थना सांगणाऱ्याच्या कोटाआडूनही तो आकडा दिसतो. कोच किन्सेलर यांना मुलाखतीत विचारले, खेचर तुम्हीच सोडायला सांगितले का? खरे सांगायचे तर या माणसाला खेचर कुठल्या बाजूने खाते हेही माहीत नव्हते. पण ते डोळा मारून म्हणाले, "आमच्याकडे खेचरंसुद्धा शिस्तीत असतात, एवढंच सांगतो." त्या एका डोळा मारण्यावर त्यांचा करार पाच वर्षांनी वाढला.

संघ त्यानंतर पाचपैकी चार सामने हरला. कोणाच्या लक्षातही आले नाही.

७. अर्जदाराच्या वाट्याला काय आले, तेही लिहितो. लेस्टरच्या दाढीच्या दुकानात अर्जदार चाळीस वर्षे शनिवारी जातो. तिथे एक जण म्हणाला, "व्हर्लन, माझ्या मेव्हण्याचा खटला उभा राहतोय, वकिलाऐवजी तुझं खेचर पाठवतोस का?" सगळे हसले. लेस्टरही हसला, आणि वस्तरा अर्जदाराच्या गळ्यावर होता. ते अर्जदाराला शाबासकी देतात, हे त्याहून वाईट आहे. परकी माणसे रस्त्यात गाडी थांबवून हात मिळवतात आणि म्हणतात, काय लबाडी केलीत हो, मानलं. सहासष्ट वर्षांत ज्याने पत्त्यांत कधी दुसऱ्याचे पान बघितले नाही, त्याला लबाड म्हणून मान मिळतो आहे. अर्जदाराच्या पत्नी ऑपल यांनी लेस्टरच्या दुकानातल्या त्या सगळ्यांना पाय, म्हणजे फळे भरून भाजलेला गोड पदार्थ, बनवून देणे बंद केले आहे. पर्डी क्रीकमध्ये ही लहान गोष्ट नाही.

डीकनचे हाल त्याहून वाईट आहेत. त्याला मोटारींच्या दुकानांच्या उद्घाटनांना नेतात. स्टुडिओत दिव्यांखाली उभा करतात. तोंडाभोवतीचे त्याचे केस पांढरे झाले होते, ते काळे रंगवले आहेत, कारण टीव्हीवर म्हातारा दिसतो. एप्रिलमध्ये संघाच्या सराव-सामन्याला कुंपणाबाहेरून, शंभर फूट मोजून, अर्जदार त्याला बघायला गेला होता. डीकनने वास घेतला, मान वर केली आणि ओरडला. त्याला धरणाऱ्या माणसाने दोराला हिसका दिला. गुडघा धरतो हे त्या माणसाला कोणी सांगितले नसावे. अर्जदार रडला. ऑपल शेजारी उभ्या होत्या, त्यांनी बघितले.

त्या दिवशी घरी आल्यावर ऑपल म्हणाल्या, "तुम्हाला सूड हवाय की खेचर हवंय, एकदा काय ते ठरवा." अर्जदाराने बराच विचार केला. त्याला दोन्ही हवे आहे.

८. मार्चमध्ये जार्व्हेल ओक्स अर्जदाराच्या दारी आला. दोन तास गाडी चालवून आला होता. आत यायला तयार नव्हता. पायरीखालीच उभा राहून म्हणाला, "मिस्टर व्हर्लन, एकच विचारायचंय. तुम्ही मुद्दाम सोडलंत का?"

अर्जदार म्हणाला, नाही.

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "तसा मी आता खेळत नाही. जिथं जातो तिथं लोक खेचरासारखं ओरडतात. बहिणीच्या लग्नातसुद्धा ओरडले."

अर्जदाराने त्याला घरात घेतले आणि पूर्ण फिल्म दाखवली. ही फिल्म बँडमास्तरांच्या पत्नी मिसेस प्रुइट दरवर्षी स्टँडच्या वरच्या ओळीतून बँडसाठी काढतात. तीत सगळे आहे. कोचची टोपी आहे, ते तीन खेळाडू आहेत, दोर सोडणारा अर्जदार आहे, आणि घड्याळही आहे. ओक्सने ती तीनदा बघितली. पहिल्यांदा त्याला हसू आले. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "म्हणजे मागं खरंच कुणी नव्हतं. मी उगाच वळून बघत होतो."

तेव्हापासून तो दर पंधरवड्याला येतो. ऑपल त्याच्यासाठी फळांचा पाय बनवतात.

९. फिल्म हाती असताना अर्जदाराने ती जगाला का दाखवली नाही, असे आपण विचाराल. अर्जदार ती घेऊन ट्रिप यांच्याकडेच गेला होता, धमकी द्यायला. ट्रिप यांनी ती बघितली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हसले. "टाक ना बाहेर," ते म्हणाले. "तिघं हेल्मेट काढून उभे आहेत, अरे, हे तर खेचराहून भारी आहे. पण आत्ता नको, ऑगस्टमध्ये टाक." मग त्यांनी अर्जदाराला खुर्ची ओढून दिली आणि विचारले की पहिल्या सामन्याला अर्जदार काळा कोट घालून, मिशा वाढवून मैदानात येईल का. अर्जदार आला तर त्याला टाळ्या मिळतील, डीकनही एक दिवसापुरता त्याच्या हाती देता येईल.

एक दिवसापुरता, असे म्हणाले.

त्या दिवशी अर्जदाराला समजले की या माणसांना शिवी दिली तरी ती ते शर्टावर छापतील. खटला भरला तर तिकिटे काढून लोक कोर्टात येतील. आपण त्यांना वर्षभराची बंदी घातलीत तर 'बंदी' लिहिलेल्या टोप्या तयार आहेत. अर्जदाराने त्या गोदामात डोळ्यांनी बघितल्या आहेत. आणि महोदय, आदर राखून सांगतो, यात आपलेही हात वापरले गेले आहेत. सुनावणीची पहिली तारीख त्यांनी पुढे ढकलून घेतली ती फेब्रुवारीत, नवे खेळाडू सह्या करतात त्या दिवसावर. मग ती एप्रिलमधल्या सराव-सामन्यावर गेली. मग जुलैत, हंगामाच्या पत्रकार परिषदेवर. आता २८ ऑगस्टवर आहे, पहिल्या सामन्याच्या दोन दिवस आधी. दर वेळी वर्तमानपत्रांनी चार दिवस रकाने भरले. दर वेळी त्यांचा वकील आजारी होता. त्या वकिलाला अर्जदार आठवड्यातून तीनदा मासे पकडताना बघतो.

१०. सबब अर्जदाराची मागणी पुढीलप्रमाणे आहे. ती विचित्र वाटेल, पण प्रत्येक शब्द मोजून लिहिला आहे.

(अ) २८ ऑगस्टची सुनावणी घेऊ नये. सोबतची फिल्म बंद खोलीत बघून, अडथळ्याच्या कलमाखाली जार्व्हेल ओक्स यास त्याचे सहा गुण द्यावेत. सामना टॉलिव्हर स्टेटने २३–२० असा जिंकला, अशी नोंद करावी.

(आ) कॉलेजला कोणतीही शिक्षा करू नये. दंड नको, बंदी नको, ताकीदही नको. कोच किन्सेलर व श्री. लँगस्टन यांची नावे निर्णयात घेऊ नयेत. कटकारस्थान झाले नाही, टोपीमुळे बँड लवकर सुरू झाला, एवढे एक वाक्य पुरे. हे दोघे दहा महिने दुष्ट म्हणून मिरवले. त्यांना वेंधळे म्हणून जगू द्यावे.

(इ) निर्णय शुक्रवार, दि. २२ ऑगस्ट रोजी दुपारी चारनंतर कार्यालयाच्या फलकावर लावावा. त्या वेळी राज्यातला प्रत्येक वार्ताहर शाळांच्या पहिल्या सामन्याला निघालेला असतो, हे आपणही जाणता.

(ई) २२ तारखेच्या आधी मात्र निर्णय देऊ नये. त्याचे कारण असे : नव्या स्टँडच्या दारावर जॉर्जियातून आणलेला ग्रॅनाइटचा दगड १५ ऑगस्टला बसणार आहे. त्यावर हातभर अक्षरांत '२०–१७' कोरले आहे. कोरून झाले आहे, याची अर्जदाराने पाथरवटाच्या आवारात जाऊन बोट फिरवून खात्री केली आहे. एकदा बसला की तो दगड भिंत पाडल्याशिवाय निघत नाही. लोक उद्या खेचर विसरतील, फ्लोरिडाचा मुलगा पदवी घेऊन जाईल, कोच दुसरीकडे जाईल, पण पूर्वेकडून आत येणारा प्रत्येक माणूस त्या हरलेल्या सामन्याचा चुकीचा आकडा वाचून आत येईल. अर्जदार या विचाराने हल्ली शांत झोपतो.

(उ) आरोपच नाही म्हटल्यावर निलंबन उरत नाही, आणि निलंबन नाही म्हटल्यावर शंभर फूटही उरत नाहीत. म्हणून डीकन २३ ऑगस्टच्या शनिवारी अर्जदाराच्या अंगणात पोहोचता करावा. त्याचे वय पाहता त्यास मैदानातून निवृत्त करावे. केसांचा रंग अर्जदार स्वतः धुऊन काढील. अर्जदार स्वतःही त्याच दिवशी कामाचा राजीनामा देत आहे, तो सोबत जोडला आहे.

११. हे सगळे वाचून आपणास वाटेल की हा मनुष्य सुडाने पेटला आहे. होय, पेटला आहे. माझे नाव त्यांनी दहा महिने दोरीवर वाळत घातले. मी त्यांच्याकडे क्षमा मागितलेली नाही आणि त्यांची क्षमा मला नको. मला त्यांचा एक पराभव पाहिजे, तोही साधा, कोणाच्या तोंडी न येणारा, वहीत लिहिलेला आणि कायमचा.

१२. आमच्या अंगणातून मैदान दिसत नाही, पण बँड ऐकू येतो. ३० ऑगस्टला सामना संपेल तेव्हा कोच टोपी काढतील. आता ते बरोबर वेळेवर काढतात, कारण तेवढ्यासाठी एक कॅमेरा त्यांच्यावर असतो. गाणे सुरू होईल. सगळा देश बघत असेल आणि मैदानात खेचर नसेल. मिस युनिस यांनी कॉलेजला कळवले आहे की यंदा त्यांना उत्तरेच्या टोकाला उभे राहणे जमणार नाही, गुडघे दुखतात. गुडघे त्यांचे ठणठणीत आहेत. त्या दिवशी त्या आमच्या अंगणाच्या उत्तरेच्या कुंपणाशी रताळे घेऊन उभ्या राहणार आहेत.

पहिला सूर आला की डीकन चालू लागेल, त्याला थांबवणारा मी कोण? मी दोर सोडीन. ऑपल उभ्या राहतील, मिस युनिस उभ्या राहतील, ओक्सही येणार आहे, तो त्याच्या मर्जीने काय ते करील. मी या गाण्याला सहा वर्षांचा असल्यापासून उभा राहत आलो आहे. माझ्या वडिलांच्या दफनालाही तेच वाजले होते. त्या शनिवारी मी बसून राहीन आणि टोपी डोक्यावर ठेवीन.

निर्णयाची वाट पाहणारा,
पर्डी क्रीकचा,

व्हर्लन सॅटरफील्ड
(सही)

दि. ४ ऑगस्ट २०२५

सोबत :
१. मिसेस प्रुइट यांनी काढलेली पूर्ण फिल्म, एक प्रत. बघताना हसू आल्यास दार लावलेले असल्याची खात्री करावी.
२. जार्व्हेल ओक्स याचे एका ओळीचे निवेदन, त्याच्या अक्षरात : 'मला माझे सहा गुण पाहिजेत, बाकी काही नको.'
३. डीकनच्या गुडघ्याबाबत जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला.
४. अर्जदाराचा राजीनामा.
५. कोच किन्सेलर यांना दिलेली रीतींची यादी, मूळ प्रत, कॉफीच्या कपाच्या डागासह. पहिल्या ओळीखालची रेघ त्याच वेळची आहे, नंतर ओढलेली नाही.